काम आहे, पण भरवसा नाही: अस्थिर नोकरी आणि तरुणांची तब्येत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विशी-तिशीतली मुलंमुली, आणि कधीकधी त्यांचे आईवडील, हेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. मी स्वतः साडेचार वर्षं तीन-तीन महिन्यांच्या करारांवर काढली आहेत, त्यामुळे काही उत्तरांत सूर जरा तिखट लागला तर समजून घ्या.

अस्थिर काम म्हणजे नेमकं कुठलं? माझा करार तर लेखी आहे.

कागद लेखी असला म्हणजे काम पक्कं असतं असं नाही. दर तीन महिन्यांनी वाढवला जाणारा करार, दोन करारांच्या मध्ये मुद्दाम दिलेला ‘ब्रेक’, ठेकेदारामार्फत लागलेली नोकरी, ॲपवर मिळतील तेवढ्या ऑर्डरी, संपता संपत नाही असं प्रोबेशन, ‘पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट रविवारी रात्री कळवू’ असं सांगणारं दुकान, हे सगळं त्यातच येतं.

स्पेनमधल्या संशोधकांनी अशा कामाची अस्थिरता मोजायला एक प्रश्नावली तयार केली आहे. करार किती काळाचा आहे एवढंच ती विचारत नाही. पगारात भागतं का, अटी ठरवताना तुमचं कुणी ऐकतं का, तक्रार केली तर काढून टाकतील अशी भीती वाटते का, रजेसारखे हक्क आहेत का, हेही विचारते. आणि शेवटी सगळ्यात नेमकं बोट ठेवते: असलेले हक्क तुम्हाला वापरता येतात का? रजा कागदावर असणं आणि ती मागायची हिंमत होणं, यात किती अंतर असतं ते करारावर काम केलेल्या कुणालाही विचारा.

हा प्रश्न थोड्याच लोकांचा आहे ना?

नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या १५ ते २४ वयोगटातल्या कामकरी तरुणांपैकी सुमारे ७७ टक्के अनौपचारिक कामात होते. म्हणजे चारातले तीन. त्यात ऑफिसातले करारी कर्मचारी, प्रोबेशनवाले, फ्रीलान्सर सगळेच मोजलेले असतात असंही नाही.

ताण तर प्रत्येक नोकरीत असतो. यात वेगळं काय?

कष्टाने माणूस दमतो, आणि दमलेला माणूस झोपला की बरा होतो. जीव टांगणीला लागलेल्या माणसाला मात्र झोपच येत नाही. परीक्षा कितीही अवघड असो, तिची तारीख ठरलेली असते. त्या दिवसापर्यंत आपण दम धरतो आणि पेपर टाकला की सोडतो. करार वाढणार की नाही हे ‘वरून’ ठरणार असतं. कधी ठरेल ते माहीत नसतं, कशावर ठरेल तेही माहीत नसतं. त्यामुळे दम सोडायची वेळच येत नाही.

याचा एक चांगला पुरावा ब्रिटनमधून मिळतो. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा ‘व्हाइटहॉल २’ हा अभ्यास मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झाला. काही वर्षांनी त्यातल्या एका खात्याचं खासगीकरण होणार असल्याची घोषणा झाली. जेन फेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खात्यातल्या लोकांची बाकीच्या खात्यांशी तुलना केली. घोषणा झालेली, पण बदल अजून व्हायचा होता, त्या मधल्या काळातच या लोकांची स्वतःच्या तब्येतीबद्दलची उत्तरं इतरांपेक्षा खालावली होती. ‘नोकरी गेली म्हणून आजारी पडले’ असं म्हणायला इथे जागाच नाही. नोकरी गेलेली नव्हती. जाईल की राहील, एवढंच कळत नव्हतं.

कामाच्या ताणावर बोलताना आपण ‘काम जास्त आहे’ याच्यावरच अडकतो. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की भरपूर काम हा अर्धाच भाग आहे. काम भरपूर आणि त्यावर आपला ताबा शून्य, ही जोडी माणसाला खाते. अस्थिर कामात तर काम कसं करायचं हेच काय, उद्या काम असेल की नाही हेही आपल्या हातात नसतं.

पण मनाचा त्रास शरीरात कसा उतरतो?

धोका दिसला की शरीर तयारीला लागतं. ॲड्रिनलिन सुटतं, मागोमाग कॉर्टिसॉल, ही दोन्ही ताणाची संप्रेरकं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते, पचन बाजूला पडतं. धोका टळला की सगळं खाली येतं. ही यंत्रणा उत्तम आहे, पण ती थोड्या वेळासाठी बनलेली आहे. महिनोन्महिने अर्धवट चालू राहिली की झीज होते. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेला ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, दाह दाखवणारे घटक, कमरेचा घेर अशा मोजमापांतून तो अजमावता येतो.

तरुणपणी हे आजाराच्या नावाने समोर येत नाही. पित्त, डोकेदुखी, मानेत भरलेली गाठ, पाळी पुढेमागे होणं, पहाटे चारला उघडणारे डोळे, असं सटरफटर दिसतं. डॉक्टर गोळी देतात, आपण घेतो आणि पुढे जातो.

यात एक वळसा आहे. काम जाईल या भीतीने माणूस मिळेल ते काम घेतो, दोन-दोन ठिकाणी करतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेल्या हिशेबानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. हे आजार बहुतेकांना बऱ्याच उशिरा गाठतात. तेवढे तास भरायची सवय मात्र पंचविशीतच लागते.

काहीही असो, रिकामं बसण्यापेक्षा कसलंही काम बरंच ना?

घरात, नात्यात सगळीकडे हेच ऐकवलं जातं, म्हणून जरा सविस्तर.

बेकारी वाईटच. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावची कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचा चालण्याचा वेगसुद्धा मोजला. पुरुष संथ चालत होते, मध्येच थांबत होते. पुढे याहोडांनी यावर मांडणी केली: पगाराखेरीजही नोकरी बरंच काही देते. दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, चारजणांनी मिळून काही केल्याची भावना, समाजातली ओळख, हातांना काम.

आता हीच यादी तीन महिन्यांच्या कराराला किंवा ॲपवरच्या कामाला लावून बघा. दिवसाला आकार? शिफ्टच आदल्या दिवशी कळते. माणसं? दर खेपेला नवी. ओळख? ‘काय करतोस?’ या प्रश्नाला टाळाटाळीचं उत्तर. म्हणजे काम आहे, पण कामातून जे मिळायला हवं त्यातलं बरंचसं नाही.

ऑस्ट्रेलियात पीटर बटरवर्थ आणि सहकाऱ्यांनी हजारो लोकांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली (प्रसिद्धी २०११). बेकार लोकांचं मानसिक आरोग्य एकंदरीत नोकरदारांपेक्षा वाईट होतं, हे अपेक्षितच. पण सगळ्यात निकृष्ट नोकऱ्या करणाऱ्यांचं बेकारांपेक्षा चांगलं नव्हतं, आणि बेकारीतून तशा नोकरीत गेलेल्यांचं आणखी घसरलं. ब्रिटनमध्ये तारानी चंदोला आणि नान झांग यांनी २०१८ मध्ये याच प्रश्नाकडे शारीरिक मोजमापांतून पाहिलं. बेकारीतून निकृष्ट नोकरीत गेलेल्यांची झीज बेकार राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाली. ती माणसं पस्तिशीपुढची होती, हे लक्षात ठेवावं.

याचा अर्थ उद्या राजीनामा टाका असा नाही. हातावर पोट असलेल्याला निवड करायची चैन नसते. पण ‘काहीतरी करतोय ना, मग कसला त्रास?’ हे वाक्य मात्र थांबवता येईल.

तरुणांनाच याचा त्रास जास्त का? या वयात तर अंगात ताकद असते.

ताकद असते, साठवण नसते. पैशाचीही नाही आणि अनुभवाचीही नाही. शेवटी आलेला आधी जातो, हा बहुतेक ठिकाणचा रिवाज. शिवाय धोक्याचं काम नवख्याच्या गळ्यात पडतं आणि शिकवायला कुणाला वेळ नसतो. युरोपातल्या आकडेवारीनुसार २५ च्या आतल्या कामगारांना कामावर होणाऱ्या, जिवावर न बेतणाऱ्या दुखापतींचं प्रमाण त्यांच्याहून मोठ्यांपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त असतं.

दुसरं कारण वयाचंच. मानसिक आजारांची सुरुवात कोणत्या वयात होते यावरच्या जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये आला. त्यात सुमारे ६२ टक्के जणांत सुरुवात पंचविशीच्या आत झालेली दिसते. म्हणजे मन सगळ्यात हळवं असतं, नेमकी तेव्हाच पहिली नोकरी शोधायची असते.

आणि तिसरं, हे पुढे टिकतं. उत्तर स्वीडनमधल्या लुलिओ शहरात १९८१ मध्ये शाळा संपवणाऱ्या हजारभर मुलामुलींचा माग संशोधकांनी पुढची पंचवीसहून जास्त वर्षं ठेवला. कोवळ्या वयात बेकारी वाट्याला आलेल्यांत चाळिशी ओलांडल्यावरही मानसिक त्रासाचं प्रमाण जास्त होतं. कॅनडात मंदीच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची कमाई पुढची सुमारे दहा वर्षं इतरांपेक्षा कमी राहिली. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत नोकरीला लागलेल्यांमध्ये मध्यमवयात मृत्यूचं प्रमाणही वाढलेलं आढळलं. त्या मुलांचा दोष एवढाच, की जन्म चुकीच्या साली झाला.

माझ्या शिफ्ट सतत बदलतात. त्याचा एवढा परिणाम होतो का?

होतो, आणि बरेचदा पगारापेक्षाही जास्त. अमेरिकेत दुकानं आणि खाद्यगृहांत तासांवर काम करणाऱ्यांची मोठी पाहणी डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट यांनी केली. ऐनवेळी बदलणाऱ्या, रद्द होणाऱ्या शिफ्टचा झोप, मनःस्वास्थ्य आणि समाधान यांच्याशी असलेला संबंध कमी पगाराच्या संबंधापेक्षा ठळक निघाला. कारण उघड आहे. उद्याचं माहीत नसेल तर क्लास लावता येत नाही, दुसरं काम धरता येत नाही, मित्राला ‘येतो’ म्हणता येत नाही. हळूहळू मित्र विचारायचंच सोडतात.

यातली चांगली गोष्ट अशी की हे दुरुस्त होतं. सिअ‍ॅटल शहरात २०१७ पासून मोठ्या दुकानांना आणि खाद्यगृहांना वेळापत्रक १४ दिवस आधी द्यावं लागतं, नंतर बदल केला तर जादा पैसे मोजावे लागतात. त्यानंतर तिथल्या कामगारांची झोप आणि समाधान दोन्ही सुधारल्याचं याच दोघांच्या अभ्यासात दिसलं. पगार तोच, काम तेच, फक्त आधी सांगितलं. एका मोठ्या कपड्यांच्या दुकान-साखळीने प्रयोग म्हणून शिफ्ट स्थिर केल्या, तर झोप सुधारलीच, शिवाय विक्रीही सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. ‘धंद्याला परवडत नाही’ म्हणणाऱ्यांना हा आकडा आवर्जून सांगा.

महिन्याची सरासरी काढली तर कमाई ठीक आहे. तरी डोकं चालत नाही, विसरायला होतं. मीच आळशी झालोय का?

सरासरीवर घरभाडं भरता येत नाही. एका महिन्यात भरपूर आणि पुढच्या दोन महिन्यांत ठणठणाट असेल तर डोक्यात सतत बेरीज-वजाबाकी चालू राहते, आणि बाकी विचारांना जागा उरत नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवरचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी नावाजलेला आहे. तोच शेतकरी ऊस तोडणीपूर्वी, हात तंगीत असताना, आकलनाच्या चाचण्यांत मागे पडत होता आणि तोडणीचे पैसे आल्यावर पुढे जात होता. माणूस तोच होता, फरक खिशात होता. त्यामुळे स्वतःला आळशी ठरवायची घाई नको.

ताप असला तरी कामावर जातो, कारण खाडा झाला की पैसे कापतात. चालतं ना?

चालवून घ्यावं लागतं, हे खरं. तात्पुरत्या कामगारांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा मारियाना विर्टानेन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये घेतला. तात्पुरत्या कामगारांत मानसिक त्रास जास्त आढळला, आजारपणाच्या रजा मात्र कायम कर्मचाऱ्यांपेक्षा कमी. हा आकडा बघून एखादा मालक ‘करारावरची पोरं धडधाकट असतात’ असं म्हणेल. ती धडधाकट नसतात, रजा घेत नाहीत एवढंच. अंगावर काढलेलं आजारपण लांबतं, आणि शेजारी काम करणाऱ्यालाही लागतं.

मी स्वतःहून फ्रीलान्स निवडलंय. हे मलाही लागू आहे का?

तुम्ही खरंच निवडलं असेल, हातात चार-सहा महिन्यांचा खर्च असेल आणि नको त्या कामाला ‘नाही’ म्हणता येत असेल, तर बरंच कमी लागू आहे. यातलं एकही नसेल, तर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द जरा जपून वापरा.

उलटं नसेल कशावरून? मुळात नाजूक तब्येतीच्या लोकांनाच अशी कामं मिळत असतील.

शंका रास्त आहे आणि काही अंशी खरीही. आजारी माणसाला पक्की नोकरी मिळणं आणि टिकवणं अवघड जातं. म्हणूनच एकाच वेळी घेतलेल्या पाहणीपेक्षा त्याच माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवणारे अभ्यास मोलाचे. लुलिओच्या अभ्यासात शाळा सुटतानाची तब्येत नोंदलेली होती. ती हिशेबात धरूनही फरक उरला. व्हाइटहॉलमध्ये तर धोका अख्ख्या खात्यावर वरून आला होता, नाजूक माणसं निवडून त्या खात्यात कुणी भरली नव्हती. दोन्ही बाजूंनी चक्र फिरतं, एवढं म्हणता येईल: अस्थिर कामाने तब्येत ढासळते, आणि ढासळलेल्या तब्येतीने पुन्हा अस्थिर कामच हाती येतं.

लग्न, घर, मूल हे सगळं पुढे ढकलतोय. हाही ‘परिणाम’ धरायचा का?

धरायचा. पुढच्या वर्षीचं भाडं भरता येईल का हे माहीत नसताना कुणाला शब्द द्यायचा कसा? यात मुलींची कुचंबणा जास्त होते, कारण गरोदरपण कळलं की करार ‘आपोआप’ संपतो. कागदावर तसं काही लिहिलेलं नसतं.

ध्यान, व्यायाम, सकारात्मक विचार यांनी फायदा होतो का?

व्यायामाने होतो, झोप सुधारते, मन हलकं होतं. श्वासाचे व्यायामही काहींना उपयोगी पडतात. पण छप्पर गळत असताना बादली बदलण्याची कार्यशाळा घेणाऱ्या कंपन्यांचा मला राग आहे. ज्याला तीन महिन्यांनी काढणार की नाही हे तुम्हीच सांगत नाही, त्याला ‘मनःशांती’वरचं सत्र कशाला?

माझ्या उपयोगी पडलेल्या गोष्टी फार साध्या आहेत. एक, कराराची तारीख संपण्याच्या महिनाभर आधी लेखी विचारायचं, ‘पुढचं कधीपर्यंत कळेल?’ उत्तर मिळालं नाही तरी एक तारीख पदरात पडते, आणि तोवर विचार बाजूला ठेवता येतो. दोन, कमाई जास्त झालेल्या महिन्यात खर्च गेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्यात कमी कमाईइतकाच धरायचा. नेहमी जमत नाही. जमलं त्या महिन्यांत झोप लागते. तीन, शिफ्ट कशीही असो, उठायची वेळ शक्य तितकी तीच ठेवायची. चार, तास, मिळालेले पैसे आणि कापलेले पैसे यांची नोंद स्वतःच्या वहीत करायची. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हीच वही कामाला येते. आणि सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलायचं. आपल्याला एकट्यालाच कमी मिळतंय किंवा आपलंच काहीतरी चुकतंय, ही समजूत तिथेच गळून पडते. संघटना असेल तर उत्तम, नसेल तर चारजणांचा ग्रुपही चालतो.

डॉक्टरकडे कधी जायचं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, दारू किंवा सिगारेट वाढली असेल, छातीत धडधडून घाबरायला होत असेल, तर जा. जीव द्यावा असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजू नका. आजच कुणाला तरी सांगा, तुमच्या भागातल्या मदतवाहिनीला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा, आणि त्या वेळी एकटे राहू नका.

डॉक्टरांना कामाबद्दल आपणहून सांगा. किती तास, कोणत्या वेळी, पगार कसा, करार कधी संपतो. बहुतेक डॉक्टर विचारत नाहीत, आणि मग उपचार फक्त पित्तावर होतात.

घरच्यांनी काय बोलावं?

‘कायम कधी होणार?’ हे विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडे असतं तर त्याने आधीच सांगितलं असतं. शेजारच्या मुलाचं पॅकेज सांगू नका. ‘आज जेवलास का, झोप झाली का?’ एवढं पुरतं. पैशाची मदत शक्य असेल तर रक्कम आणि मुदत स्पष्ट सांगून करा. ‘लागेल तेव्हा माग’ म्हटलं की मागणं अवघड होऊन बसतं.

कायद्याने काही बदलतं का?

बदलतं. न्यूझीलंडने २०१६ मध्ये कामाची हमी न देता माणसाला कायम तयार ठेवणारे ‘शून्य तास’ करार बंद केले. स्पेनने २०२१ च्या अखेरीस तात्पुरत्या करारांवर बंधनं आणली आणि त्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पळवाटा निघतात, मग त्या बुजवाव्या लागतात.

पक्की नोकरी लागली की सगळं आपोआप ठीक होतं का?

लगेच नाही. मला कायम केल्याचं पत्र मिळालं तेव्हा मी घरी येऊन अकरा तास झोपलो, आणि आता संपलं असं वाटलं. पण पुढे कितीतरी महिने साहेबांनी ‘जरा आत ये’ म्हटलं की पोटात गोळा यायचा. टेबलाच्या खणात मी स्वतःची एकही वस्तू ठेवत नव्हतो. सगळं पिशवीत, संध्याकाळी उचलून घरी. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, ‘रोज कप घेऊन काय जातोस?’ तेव्हा कुठे माझ्या ते लक्षात आलं. कप ठेवला. चार्जर ठेवायला आणखी वर्ष गेलं.